धर्मी भसाडीचा धवला

"नाव काय गो तुझं?" ठमाबाईंनी विचारलं.

मी पाटावर बसले होते. पदर डोक्यावर, नजर पायाच्या अंगठ्यावर. आईनं सकाळपासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की हळू बोल, कमी बोल, जमलं तर मान हलवून भागव. पण नाव काही मान हलवून सांगता येत नाही.

"धर्मी," मी म्हटलं.

ओटीवरच्या एका पाहुण्यानं तोंडाला लावलेली चहाची बशी खाली घेतली. ठमाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागच्या कुडाकडे, जणू बोलणारं माणूस तिथं दुसरंच कुणी उभं असावं. मग शेजारच्या बाईकडे झुकून, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पण जाईल एवढ्या मोठ्यानं त्या म्हणाल्या, "पोर बरी हाय. पन आवाज भसाडा."

तेवढ्यात माझी धाकटी बहीण वेणू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिला बाहेर यायचं नव्हतं, पण आईचे हात भजी तळण्यात गुंतले होते. "घ्या पानी," वेणू म्हणाली. कोऱ्या मडक्यात पाण्याची पहिली धार पडावी तसा तिचा आवाज. ठमाबाईंनी तांब्या हातात घेतला आणि पाणी प्यायला विसरल्या.

ठमाबाईंचं घर पूर्वी आमच्यासारखंच खारीतलं, खाडीकाठच्या खारट जमिनीवरचं. पुढं पेणला त्यांची भाताची गिरण झाली, माडी झाली, आणि खारीतली माणसं त्यांना जरा लांबून दिसू लागली. त्यांच्या मुलासाठी, हसुरामसाठी, त्या मुली बघत हिंडत होत्या; त्या दिवशी तोही ओटीवर बसला होता. आमच्या कोपरखारला त्या येणार म्हणून आईनं दारात कधी नव्हे ती रांगोळी घातली होती. जाताना त्यांची गाडी नेमकी तिच्यावरूनच वळली.

निरोप आणला बुधाजीकाकानं. हा माझ्या बापाचा चुलतभाऊ, सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेला. काका ओटीवर बसला आणि डोक्यावरची टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. टोपी गुडघ्यावर आली की काका अवघड बातमी सांगणार, हे गावाला ठाऊक होतं.

"घर पसंत हाय त्यांना," काका म्हणाला. "पोरगीबी पसंत हाय." मग टोपीवरची धूळ झटकत म्हणाला, "पन धाकटी."

आईची फुंकणी चुलीपाशी थांबली. बापूस मिठागरातून आला की पाय धुतल्याशिवाय बोलत नसे. त्या दिवशी तो दोनदा पाय धुऊन आला.

मी वेणूला घेऊन बांधावर गेले. खाडीला ओहोटी होती, चिखलावर बगळे उतरले होते. तिला विचारलं, पोरगा आवडला का.

"तू आधी हायेस," ती म्हणाली.

"मी इचारलं काय आन तू सांगतेस काय."

ती पायाच्या अंगठ्यानं ओल्या मातीत रेघ ओढत राहिली. रेघ लांबत गेली, वळली, परत तिच्याच पायाशी आली. मला तेवढं उत्तर पुरे झालं. घरी येऊन मी आईला सांगितलं की द्या वेणूला. माझ्या आवाजाला नाक मुरडणाऱ्या घरात मला जायचं नाही. तिला जायचंय, आणि पोरगा सरळ दिसतो. आईनं डोळ्यांना पदर लावला. चुलीत धूर होताच, तेव्हा कशासाठी लावला ते विचारायचं कारण पडलं नाही.

भसाडा. हा शब्द काही ठमाबाईंनी घडवला नव्हता. आमच्याकडे ढोलाची चामडी सैल पडली की ढोल भसाडा. मिसरूड फुटायच्या सुमाराला पोरांचा आवाज भसाडा. त्यांचा तो वर्षभरात जायचा, माझा मुक्कामाला आला होता. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला मागच्या रांगेत उभं करत आणि म्हणत, "धर्मे, तू नुसते ओठ हलव." मी ओठ हलवत शाळा संपवली. बाप्याच्या गळ्यात मात्र हाच शब्द टिकत नसे. आमच्या गावचा कमळ्या नाखवा खाडीच्या तोंडाशी होडीत उभा राहून हाक मारी, तेव्हा कातळावर होडीचा तळ घासावा तसा आवाज निघे. लोक म्हणत, "काय भरदार आवाज हाय." तोच आवाज बाईच्या गळ्यातून निघाला की 'भरदार' उंबऱ्यापाशीच अडून राही आणि 'भसाडा' तेवढा आत शिरे.

लहानपणी माझा आवाज असा नव्हता, असं आई सांगे. घशाला खारी हवा लागली, म्हणे. खारी हवा सगळ्या गावालाच लागत होती, पण आईला कुणी उलट विचारलं नाही. मीही नाही.

हा शब्द हसत उच्चारणारं गावात एकच माणूस होतं. नामीआत्या, माझ्या बापाची आत्या. ती गावची धवलारीण. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लग्नाला भटजी असो वा नसो, धवलारणीशिवाय लग्न हलत नाही. मांडवात उंबराची मेढ, म्हणजे मुख्य खांब, रोवली की तिच्या पायथ्याशी ही बाई बसते आणि धवला म्हणते. तांदळानं चौक भरायचा तर धवला, हळद लावायची तर धवला, न्हाणं धवल्यावर, बाशिंग धवल्यावर. ती एक ओळ म्हणते आणि मांडवातल्या बाया तीच ओळ झेलतात, म्हणजे तिच्या मागून म्हणतात. ती जे म्हणेल ते झेलायचं. आवडलं नाही म्हणून गप्प बसायची सोय नाही. म्हटलेली ओळ कुणी झेलली नाही तर ती खाली पडली म्हणतात, आणि मांडवात ओळ पडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. धवलारीण विधवा असो, कुवार असो, आमच्या गावात तिला सगळं माफ. तिचा गळा तेवढा बघायचा.

मला कळायला लागल्यापासून मी नामीआत्याच्या मागं मागं मांडवातून हिंडत होते. झेलता झेलता धवले अंगात मुरले. "भसाडे, इकडं ये," ती म्हणे, आणि ते ऐकून मला कधी टोचलं नाही. अलीकडे तिला दम लागायचा. दोन ओळी म्हटल्या की छाती धरून बसे. ती गावाला सांगून बसली होती की आता मेढीपाशी धर्मी बसेल, आणि तिचा पहिला धवला वेणूच्याच लग्नात होईल.

एकदा मी तिला विचारलं होतं, मला का शिकवतेस? वेणूला शिकव की, तिचा आवाज गोड आहे.

"गोड हायच," आत्या म्हणाली होती. पान जुळवता जुळवता तिनं चुन्याचं बोट थांबवलं. "पन गोड आवाज कानापाशी बसतो, पाहुन्यासारखा. धवला कानासाठी नसतो गो. धवल्यात आपन कुनाकुनाला बोलावतो? गावदेवाला, खाडीला, बांधावर मेलेल्यांना. ती काय मांडवात खुर्ची टाकून बसलीत? त्यांच्यापतुर जायाला आवाजाला दाढी लागते."

आवाजाला दाढी. मी त्या दिवशी खूप हसले होते.

लग्नाच्या आठवड्यात बुधाजीकाका परत आला. टोपी पुन्हा गुडघ्यावर. ठमाबाईंचं म्हणणं असं होतं की त्यांच्याकडून पेणची बडी माणसं येणार, गिरणीवाल्याचं लग्न आहे, मांडवात जरा बरं गाणं व्हावं. भजनी मंडळातल्या कुंदाताई येतील, पेटी आणतील, स्पीकर त्यांचाच. खर्च त्यांचा. आपण काही करायचं नाही.

"आन धवला?" आईनं विचारलं.

"तेच तर," काका म्हणाला. माझ्याकडे न बघता टोपीकडे बघत म्हणाला, "थोरलीनं मेढीपाशी बसू नये, असं आहे त्यांचं. तो भसाडा आवाज मांडवात नको, असं सपष्ट बोलल्या."

बापूस पहिल्यांदा काही बोलायला गेला. आईनं हातानं त्याला थांबवलं. तिला काय दिसत होतं ते मला दिसत होतं: हळद दळून झालेली, पत्रिका वाटून झालेल्या, आणि मोडलेल्या लग्नाची पोरगी घरात. आधीच एक घरात बसलेली. काका गेल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली. माझे केस उगाच मोकळे करून पुन्हा बांधू लागली. म्हणाली की मी तुला कधी काही मागितलं नाही. त्या एका दिवसापुरतं तोंड मिटून राहा. ती पोर त्या घरात जन्म काढणार आहे. तुझ्या एका धवल्याचं व्याज तिनं तिथं फेडायचं का? आईचं बोलणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. मी वेणूकडे पाहिलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता काही बोलेल. ती आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. त्या दिवशी मला ठमाबाईंपेक्षा तिचा राग आला, हे खरं.

नामीआत्याला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मना मांडवात नेऊन ठेव. बाकी मांडव बघंल."

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही तिला खाटेसकट उचलून आणलं आणि मेढीपाशी गोधडीवर बसवलं. मी मात्र मांडवाच्या पार कडेला, उखळापाशी बसले. आईनं तीन-तीनदा येऊन मला बघून घेतलं, दुधावर झाकण आहे ना ते बघावं तसं.

दुपार कलायच्या आत ठमाबाई आल्या. आमच्यात नवऱ्या मुलाच्या अंगाची उष्टी हळद घेऊन त्याची आई नवरीकडे येते, आणि नवरीला हळदीचं पहिलं बोट तीच लावते. त्यांच्या हातात हळदीची वाटी, मागं पेणची मंडळी, त्यांच्या मागं पेटी. कुंदाताई साध्या होत्या, पांढरं पातळ, कपाळावर लहान कुंकू. आल्याबरोबर त्यांनी नामीआत्याच्या पाया पडून विचारलं, "बसू ना आजी इथं?" आत्यानं सरकून जागा दिली. त्या बाईवर राग धरण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच मला खुपत होतं.

वेणूला पिवळं लुगडं नेसवून चौकात बसवलं. डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत. नवरीनं मांडवात बोलायचं नसतं, गायचं तर नसतंच. ती देवाची मूर्ती त्या दिवशी.

कुंदाताई गायल्या. खरंच गोड गायल्या. स्पीकरमधून त्यांचा आवाज कसा दुधातून केशर उतरावं तसा सगळीकडे उतरत गेला. पेणची मंडळी माना डोलवू लागली. ठमाबाईंनी मांडवावरून नजर फिरवली आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ, कशा गप बसल्यात सगळ्या. न्हाईतर आपल्याकडं नुसता कालवा."

गप्प बसल्या होत्या खऱ्या. कोपरखारच्या बाया हात मांडीवर ठेवून, शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं बसतात तशा बसल्या होत्या. झेलायला काहीच नव्हतं. गाणं वरच्या वर येत होतं आणि वरच्या वर जात होतं. त्यात एक खोळंबा झाला, जो कुणाच्या ध्यानात आधी आला नव्हता. आमच्या बायांचे हात धवल्यावर चालतात. अमुक ओळीला चौकात तांदूळ सोडायचे, अमुक ओळीला आंब्याचं पान हळदीत बुडवायचं, अमुक ओळीला विहिणीनं उठायचं. ओळच नाही तर हात कुठून हलणार? करवल्या आंब्याची पानं हातात धरून एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहिल्या. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. हळद वाटीत सुकायला लागली. वेणू चौकात तशीच कोरडी बसलेली. ठमाबाईंना उठायचं होतं, पण कधी उठायचं ते त्यांनाही कुणी सांगेना.

"काय झालं? लावा की हलद," त्या म्हणाल्या.

"कशावर लावू?" एक करवली म्हणाली.

तेव्हा नामीआत्या हलली. तिनं मेढीला हात लावला, दुसरा हात कानावर ठेवला. कुंदाताईंनी ते पाहिलं आणि पेटीचा भाता आपसूक मिटला. आत्यानं धवला धरला. कधी काळी या गळ्यानं अख्खी खार हलवली होती. आता तो वाळल्या पेंढ्यासारखा वाजला.

"उंबराच्या मेढीला गो मांडव घातिला…"

बायांनी जिवाच्या आकांतानं ती ओळ झेलली. इतका वेळ दाबून धरलेला श्वास सुटावा तशी झेलली.

"मांडवाच्या दारी कोनी धवला…"

आणि आत्याचा दम संपला. 'गायिला' हा शब्द ओठावर आला आणि तिथंच राहिला. ती छातीवर हात ठेवून मेढीला टेकली. तिचे डोळे मला शोधत नव्हते. ती सरळ समोर बघत होती. पण मांडवातल्या झाडून साऱ्या बायांनी उखळाकडे मान वळवली. त्यांत माझी आईही होती. ती मान हलवून मला नाही म्हणत होती, आणि तिचे हात पदर पिळत होते.

हा पहिला धवला म्हणजे धवलारणीची ओळख असते. 'कोणी धवला गायला' असं ती स्वतःच विचारते आणि स्वतःच उत्तर देते. इतकी वर्षं उत्तर होतं, 'नामी धवलारनीनं गो धवला गायिला.' त्या दिवशी मी काय म्हणायचं हे आत्यानं मला कधीच शिकवून ठेवलं होतं. 'धर्मी धवलारनीनं.' सरळ ओळ. कुणाला टोचणार नाही, कुणाला खुपणार नाही.

मी उठले. उखळापाशीच उभी राहिले. मेढीपाशी गेले नाही. पाटावर बसून नाव सांगितलं तेव्हा बशी खाली घेणारा पाहुणा मला समोर दिसत होता. ठमाबाई दिसत होत्या, त्यांच्या हातातली वाटी दिसत होती. मला वाटलं, आज नुसतं नाव सांगितलं तर ते परत कुणी ऐकणार नाही. माझं नाव लोकांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या आधी दुसराच शब्द त्यांच्या कानात शिरायचा. तर मग तोच आधी जाऊ दे. कुजबुजून म्हणतात ना, मग मांडवात म्हणा. कानावर हात ठेवला आणि म्हटलं,

"मांडवाच्या दारी कोनी धवला गायिला?
धर्मी भसाडीनं गो धवला गायिला."

स्पीकर माझ्यापासून लांब होता. त्याची गरज पडली नाही. मांडवावर बसलेले कावळे उडाले.

आणि कुणी झेललं नाही.

बायांची तोंडं उघडी होती, पण तो शब्द कुणाच्या जिभेवर चढेना. विहिणीसमोर, तिचाच शब्द, तिच्याच तोंडावर कसा म्हणायचा? आईनं डोळे मिटून घेतले. ओळ मांडवात नुसती लोंबत राहिली. मी पुन्हा म्हणणार नव्हते. धवलारीण ओळ दोनदा देत नाही. ओळ पडली तर पडली. पण ती मी बदलणार नव्हते.

तेवढ्यात झेलली. चौकातून.

पिवळ्या पदराखालून, कोऱ्या मडक्यात धार पडावी तशा आवाजात, अख्खी ओळ आली. "धर्मी भसाडीनं गो धवला गायिला." नवरी गात होती. बायांना काय करावं सुचेना. मांडवात नवरीचा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

"अगो, नवरीनं गायाचं नसतं," ठमाबाई म्हणाल्या.

वेणूनं पदर मागं सारला. तोही सारायचा नसतो. तिचं तोंड पाण्यानं भिजलेलं होतं, पण आवाज ओला नव्हता.

"आत्ये," ती होणाऱ्या सासूला म्हणाली, "भातावरची पाखरं राखायला बापूस आम्हा दोघींना शेतातल्या माळ्यावर बसवायचा. दोघींनी आळीपाळीनं ओरडायचं, नायतर संध्याकाळी मार. मना ओरडलं की खोकला यायचा. ही बोलली, तू गप ऱ्हा. मग एकदा जाड्या आवाजात ओरडायची, एकदा बारीक. बापसाला पल्याडच्या बांधावर वाटायचं, दोघी ओरडतात. भात कापेपतुर दोघींचं एकटी ओरडायची. दर सालाला." वेणूनं माझ्याकडे बघितलं. "तिचा बारीक आवाज आधी संपला. जाडा तेवढा उरला. तुम्हाला माझा आवाज आवडला ना? तो तिनं राखलेला हाय."

मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. पाखरं होती, ओरडले. वेणूला ते आठवत असेल असंही वाटलं नव्हतं. बापूस मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. तो आमच्या दोघींकडे पाहत हळूहळू खाली बसला. आई माझ्याकडे बघत होती. खारी हवा, खारी हवा, असं इतकी वर्षं सांगणारी आई.

"आता कोन झेलत नसंल तर मी एकटी झेलीन," वेणू म्हणाली. "हलद त्यावरच लागंल मना. न्हाईतर नको."

आधी आईनं झेललं. तिला कधीच सूर नव्हता. ती ओळ तिनं रडत, वाकडीतिकडी, पण शब्द न गाळता म्हटली. मग आमच्या मांडवभर बाया. मग कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या, बांधावरून आलेल्या, मिठागरातल्या. शब्द एकदा जिभेवर चढला तसा त्यांना तो आवडायला लागला. 'भसाडीनं' वर येऊन बाया अशा काही जोर देऊ लागल्या की मांडवाची झावळी थरथरली. कुंदाताईंनी पेटी उघडली, पण वाजवली नाही. एकच सूर धरून ठेवला, आमच्या पायाखाली, पाट ठेवावा तसा. त्याबद्दल मी त्या बाईला आजही मानते.

मी चालत मेढीपाशी गेले. नामीआत्यानं गोधडीवरून सरकून मला जागा दिली आणि माझा हात घेऊन मेढीवर ठेवला. उंबराची साल खरबरीत होती. मी पुढचा धवला धरला. गावदेवाला बोलावलं, खाडीला बोलावलं, बांध फुटला तेव्हा वाहून गेलेल्या आज्यापणज्यांना बोलावलं.

"खाडीपल्याड हाक गेली, पूर्वज उठले,
नातीच्या हलदीला गो बांधावर जमले."

हात हलायला लागले. तांदूळ चौकात पडले, पानं हळदीत बुडाली. विहिणीनं उठायची ओळ जवळ येत होती. ती ओळ नेहमीची, साधी असते. मी ती थोडी वळवली. धवलारणीला तेवढी मुभा असते.

"विहीनबाय, विहीनबाय, उठा हलद लावा,
भसाडीच्या आवाजाला मान तुमचा द्यावा."

ही ओळ विहिणीनं स्वतः झेलायची असते. बाया थांबल्या. पेणची मंडळी ठमाबाईंकडे बघू लागली. त्यांच्या शेजारणीनं त्यांच्या पदराला हलकेच ओढलं, निघून जाऊ या असं. ठमाबाईंनी पदर सोडवून घेतला. त्या कितीतरी वेळ वेणूकडे बघत राहिल्या. मग उठल्या, चौकात आल्या, वाटीतल्या हळदीत बोट बुडवलं. सुकलेली हळद बोटाला लागेना, तेव्हा त्यांनी तिच्यात थोडं पाणी टाकलं आणि पुन्हा कालवली. वेणूच्या गालाला ते बोट लागलं तेव्हा त्यांचे ओठ हलले.

आवाज निघाला की नाही, ते मी सांगू शकत नाही. नुसते ओठ हलवणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

त्यानंतर खारपाटात माझं नाव तेच झालं. माणसं दारात येऊन विचारायची, भसाडी धवलारीण घरात हाय का? आणि मी आतून ओ द्यायचे. नामीआत्या त्याच पावसाळ्याच्या आधी गेली. मी लग्न केलं नाही, त्याचं लोकांना वाटतं तेवढं मला कधी वाटलं नाही. वर्षाकाठी इतक्या मांडवांतून मी मेढीपाशी बसले की स्वतःचा एक मांडव त्यात मिसळून गेला असता. वेणूचा संसार बरा झाला. हसुराम सरळच निघाला. सासूशी तिचं पटलं, म्हणजे आधी भांडण झालं आणि मग पटलं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी बांधावर गवत काढत होते. पेणच्या बाजूनं एक रिक्षा आली, बांधाशी थांबली. आतून नातवाच्या आधारानं ठमाबाई उतरल्या. पार वाकल्यात आता. काठी टेकत बांधावर आल्या, श्वास घेतला, मग मला म्हणाल्या की वेणूच्या मुलीचं लग्न ठरलंय. आमंत्रण वेणू आणीलच, पण मेढीपाशी बसायला सांगायला मीच यायला पाहिजे होतं.

मी विळा खाली ठेवला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी चाचरत विचारलं, "मांडव मोठा हाय गो या टायमाला. तुना माईक लागंल का?"

"नको," मी म्हटलं.

पल्याडच्या बांधावरचे बगळे एकदम उडाले.